बी.एस्सी. पहिलं सेमिस्टर, गगनबावडा रोडवरनं रोज कोल्हापूर अप-डाऊन… जमेल का?

साळवणकडची

नमस्कार सगळ्यांना, मी इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. यंदा बारावी सायन्स झाली आणि कोल्हापुरात बी.एस्सी.ला ॲडमिशन घेतलंय, केमिस्ट्री बॉटनी झूलॉजी असे तीन विषय, त्यातला एक दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून धरायचा असं ऑफिसात सांगितलं. गाव साळवणच्या आत हाय. घरातनं कॉलेजला जाणारी मी पहिलीच, ताईचं बारावीनंतर लग्न झालं, त्यामुळं घरात विचारावं असं कुणी नाही आणि कॉलेजात विचारायला गेलं की नोटीस बोर्ड बघा म्हणतात. नोटीस बोर्डावर मेजर, मायनर, ओई, एसईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असलं लिहिलंय, वर्गातल्या निम्म्या पोरींना त्याचा अर्थ माहीत नाही.

माझं म्हणणं असं की सेमिस्टर नक्की चालतं कसं हे कुणीतरी सरळ मराठीत सांगा. बारावीपर्यंत वर्षाची एकच परीक्षा असायची, शेवटी दोन महिने झटून अभ्यास केला की निघून जायचं. इथं म्हणे तसं होत नाही.

दुसरं म्हणजे येणं-जाणं. सकाळी सहाच्या सुमारास घर सोडते, रंकाळा स्टँडला उतरून तिथनं केएमटी, म्हणजे शहराची बस. लेक्चर दुपारपर्यंत संपतात पण प्रॅक्टिकलची बॅच दुपारची आली तर पाच वाजतात, मग घरी पोचायला रात्र. आणि आता पाऊस लागला की आमचा रोड बंद पडणार हे ठरलेलंच, तेव्हा ७५ टक्के हजेरी कशी भरायची? आण्णा म्हणतात एक वर्ष अप-डाऊन करून बघ, होस्टेलचं नंतर बघू, ते पैशामुळं म्हणतात हे मला कळतं, ऊस जाईपर्यंत हातात काही नसतं.

तिसरं इंग्रजी. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी पण सर मराठीतनं सांगायचे. इथं एक मॅडम पूर्ण इंग्रजीत शिकवतात, मी लिहून घेते पण घरी येऊन वाचलं की निम्मं लागत नाही.

आणि शेवटचं, हे जरा बाजूला ठेवलं तरी चालेल. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागानं युवा महोत्सवासाठी नावं मागवलीत. मला पथनाट्यात भाग घ्यायचाय, शाळेत असताना करायचे. पण पहिल्याच सेमला असलं करावं का, हे कळंना. कुणी आमच्या बाजूचं असेल तर नक्की सांगा.

---

कळ्याची_केमिस्ट्री

अगं मी कळ्याची, तुझ्याच रोडची, आता टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला हाय. तुझी बस कळ्यात येते तेव्हा बसायला जागा नसते ना, मला सगळं माहीत आहे. लांबलचक लिहिणार आहे, वाचून घे सावकाश.

नोटीस बोर्डावरचं असं: मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, एसईसी म्हणजे कौशल्याचा, व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षणाचा, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरेचा पेपर आणि सीसी म्हणजे को-करिक्युलर, वर्गाबाहेरचे उपक्रम. आता ते क्रेडिट समजून घे कारण त्यातच सगळं आलं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमला साधारण २२ क्रेडिट असतात. आता दोन क्रेडिटचा थिअरीचा पेपर धर, म्हणजे पूर्ण सेममध्ये ३० लेक्चर, आठवड्याला दोन. ७५ टक्के पाहिजेत म्हणजे तू फार तर सात चुकवू शकतेस, आठवं चुकलं की खाली. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास, आठवड्याला चार तासांची एक पाळी धरली तर पंधरा पाळ्या, त्यातल्या तीन चुकल्या तर ८० टक्के राहतात आणि चार चुकल्या तर ७३ वर येतेस. हे डोक्यात पक्कं बसव. लेक्चर चुकलं तर मैत्रिणीची वही मिळते, प्रॅक्टिकल चुकलं तर ते कुणी परत लावून देत नाही, रिपीट बॅच लावली तरी सेमच्या अगदी शेवटी आणि तीही सगळ्यांची एकदम गर्दीत. म्हणून पावसाचे जे दिवस जाणार ते लेक्चरच्या दिवसांत गेले तर चालतील, प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र शहरात असायलाच पाहिजे असं धरून चाल.

त्यासाठी आत्ताच्या आत्ता एक काम कर. बॅच पाडायच्या आधी डिपार्टमेंटला अर्ज दे, साध्या कागदावर, की मी अमुक गावाहून एसटीनं येते, शेवटची सोयीची बस इतक्या वाजता आहे, मला सकाळची बॅच मिळावी. पासची झेरॉक्स जोड. एचओडींना (विभागप्रमुखांना) समक्ष भेटून दे, लॅब असिस्टंटच्या हातात देऊन येऊ नकोस. बॅच एकदा लागली की बदलत नाहीत, आधी सांगितलं तर बहुतेक ऐकतात, आमच्या वर्गात अप-डाऊनवाल्या सगळ्यांना मिळाली होती.

जर्नल! हे कुणी सांगत नाही. प्रॅक्टिकल झालं की त्याच आठवड्यात जर्नल लिहायचं आणि पुढच्या पाळीला सही घ्यायची. सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. शेवटच्या पंधरवड्यात अख्ख्या वर्गाची रांग लागते आणि त्याच वेळी इंटर्नलचे सबमिशन, सेमिनार, टेस्ट सगळं अंगावर येतं. केमिस्ट्रीला रीडिंग तिथल्या तिथं लिहून घे, ब्युरेटचं रीडिंग कच्च्या वहीत मांडून सरांना दाखवून सही घेऊनच बाहेर पड. बॉटनी झूलॉजीच्या आकृत्या पेन्सिलीनंच, बाजूला नावं सरळ रेषेत.

मार्कांचं असं की आमच्याकडं लेखी परीक्षेचे आणि कॉलेजच्या इंटर्नलचे वेगळे, तुमच्या पॅटर्नला किती ते विद्यापीठाच्या साइटवर सिलॅबसच्या पीडीएफमध्ये पहिल्या दोन-तीन पानांवरच असतं. ती पीडीएफ डाउनलोड करून प्रिंट काढ, वहीच्या पहिल्या पानाला चिकटव. युनिटवार तास लिहिलेले असतात, ज्या युनिटला जास्त तास त्याला जास्त मार्क, इतकं सरळ आहे ते. आणि मागच्या वर्षांचे पेपर लायब्ररीत असतात, आत्तापासून बघत जा.

युवा महोत्सवाचं माझं मत स्पष्ट सांगते, पहिल्या सेमला नको. महोत्सव बहुतेक पहिल्या सत्रातच येतो, तालमी संध्याकाळी चालतात, तुझी बस गेली की तू कुठं राहणार? दुसऱ्या वर्षी होस्टेलला आलीस की कर की खुशाल.

---

भुदरगडचा_बाळू

वरच्या ताईंनी अभ्यासाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो कारण आमच्या भागातली पोरं पैशापायी कमी आणि कागदापायी जास्त अडकतात.

पास आधी काढ. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो तो आता संपला. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे ते तुला लागू आहेच, पण विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा तिसरा हिस्साच भरायचा, रोज येणाऱ्याला तोच परवडतो. कॉलेजचं बोनाफाईड लागतं. बोनाफाईड मागायला जाशील तेव्हा एकदम चार-पाच प्रती मागून घे, पुढं लागतातच.

मग महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल. तुझा प्रवर्ग कुठला ते तू लिहिलं नाहीस आणि इथं लिहूही नकोस, पण प्रत्येकाला काहीतरी आहे. खुल्या प्रवर्गातल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, यातनं राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत, त्या त्या विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारायचं. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो, तो तहसीलमधून काढायला वेळ लागतो म्हणून आजच सेतूत अर्ज टाका. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नुसतं केवायसी नाही, आधार सीडिंग म्हणून बँकेत स्पष्ट सांगायचं, कारण पैसे त्या जोडलेल्या खात्यावरच पडतात. अर्ज ऑनलाइन भरला म्हणजे काम झालं असं धरून बसू नका, तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथं क्लार्कनं पुढं पाठवला तरच हलतो. प्रिंट काढून सगळे कागद जोडून ऑफिसात नेऊन द्यायचे आणि आठवड्यानं परत जाऊन स्टेटस बघायचा.

एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी पण काढून ठेव, डिजिलॉकरमधून निघतो, १२ अंकी असतो, तुमची सगळी क्रेडिट त्यात जमा होतात. नाव दहावीच्या मार्कलिस्टवर जसं आहे तस्संच आधारवर पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका मुलीचं आधारवर वडिलांचं नाव वेगळं छापलेलं, रिझल्ट लागला तरी तिची क्रेडिट दिसंनात, शेवटी आधार दुरुस्त केल्यावर झालं.

---

वनस्पतीवाला

बाळ, मी दुसऱ्या जिल्ह्यात सीनियर कॉलेजला बॉटनी शिकवतो. तुझा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

तू गाव लांब आहे, रोड बंद पडतो, अशी अडचण म्हणून सांगितलीस आणि ती खरीच आहे. पण बॉटनी आणि झूलॉजी घेतलेल्या विद्यार्थिनीसाठी गगनबावडा तालुका म्हणजे काय आहे हे तुला तुझ्या सरांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो. आमची मुलं स्टडी टूरची वर्गणी भरून, एसटी ठरवून जिथं येतात तिथं तू राहतेस. शेजारचं राधानगरी अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झालं, राज्यातलं ते पहिलं, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं त्या यादीत ते आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट तुमच्या तालुक्यातनं उतरतात.

पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी शेवाळं, बुरशी, ब्रायोफायटा (मॉससारख्या छोट्या वनस्पती) असतात. रिक्सिया, फ्युनेरिया यांच्या परमनंट स्लाइड लॅबमध्ये दाखवतात, जुन्या झालेल्या, रंग उडालेल्या. तू पावसात परड्यातल्या ओल्या मातीवर नि जुन्या दगडी भिंतीवर नीट बघ, दोन्ही जिवंत सापडतील, फ्युनेरियाच्या दांड्यावरच्या कॅप्सूलसकट. थोडं ओल्या कागदात गुंडाळून डब्यातनं लॅबला आण आणि मॅडमना सांग की ताजं मटेरियल आणलंय. ज्या विद्यार्थिनीनं स्वतः आणलेल्या वनस्पतीचा सेक्शन (पातळ काप) स्वतः घेतला ती तो धडा परीक्षेपुरता पाठ करत नाही, तिला तो कळलेला असतो, हे मी इतकी वर्षं बघत आलोय. झूलॉजीलाही तेच. तुमच्या शेतात पावसाळ्यात माती उकरताना गांडुळासारखं पण जाड, डोकं-जबडा असलेलं काही दिसलं तर ते देवगांडूळ असू शकतं, पाय नसलेला उभयचर आहे तो, बेडकाच्या गटातला. लोक साप म्हणून मारतात. मारू देऊ नकोस, फोटो काढ.

ऑगस्टनंतर सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ पठारांवर जा, एकटी नको, घरच्या कुणाला तरी घेऊन. गेंद, सीतेची आसवं, सोनकी, कवला, तेरडा, आणि कातळावरच्या ओलीत नीट शोधलं तर दवबिंदू, जी किडे पकडते. साध्या झाडांचं हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) कर: वर्तमानपत्रात दाबायचं, वर वजन ठेवायचं, कागद रोज बदलायचा कारण तुमच्याकडच्या हवेत एका दिवसात बुरशी चढते, चुलीजवळच्या फळीवर ठेवलंस तर लवकर वाळेल. लेबलवर ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं आणि गावात त्याला काय म्हणतात हे लिही. कंदीलपुष्प किंवा दवबिंदू मात्र कधीही उपटायचं नाही, फोटो पुरे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात लीड बोटॅनिकल गार्डन आहे, तिथं अशी दुर्मिळ झाडं जपलेली बघायला मिळतील, एखाद्या मोकळ्या दुपारी नक्की जा.

इंग्रजीबद्दल. बी.एस्सी.चं इंग्रजी म्हणजे साहित्य नाही, त्यात पाच-सहाशे शब्द परत परत येतात. मॅडमचं लेक्चर पूर्ण उतरवून घ्यायचा प्रयत्न सोड, त्यात ऐकणं राहून जातं. फक्त मथळे, आकृत्या आणि न कळलेले शब्द लिही. बसमध्ये त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद मोबाईलवर वाच, विश्वकोश मोफत आहे आणि विज्ञानाच्या नोंदी भरपूर आहेत. कल्पना मराठीत पक्की झाली की मग इंग्रजी पुस्तकातलं तेच पान वाच, ते लागतं. आणि उत्तर स्वतःच्या छोट्या छोट्या वाक्यांत लिहायची सवय लाव, आठवड्याला एक उत्तर लिहून मॅडमना तपासायला दे. पूर्ण इंग्रजीत शिकवणाऱ्या मॅडमही स्टाफरूममध्ये मराठीतच समजावून सांगतात, फक्त विचारायला कुणी येत नाही.

---

पथनाट्य_कागल

सरांचं वाचून भारी वाटलं. मी फक्त महोत्सवाचं बोलणार आणि कळ्याच्या ताईंशी माझं अजिबात पटत नाही.

ताई, पहिल्या वर्षी नको म्हणताय, पण दुसऱ्या वर्षी टीममध्ये जागा मिळते का? पथनाट्याची टीम पहिल्या वर्षाच्या पोरांतनंच तयार होते, जी पोरं पहिल्या सालात मागं उभं राहून डफ वाजवतात तीच तिसऱ्या सालात पुढं असतात. आणि अप-डाऊनवाल्या पोरीचं कॉलेजात असतं तरी काय? लेक्चर करायचं आणि बस गाठायची. ना कुणी सीनियर ओळखीचा, ना कुठल्या सरांना नाव माहीत. महोत्सवाच्या टीममध्ये आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळे असतात, नोट्स, जुनी पुस्तकं, कुठल्या होस्टेलला जागा रिकामी झाली, असली माहिती सगळी तिथं मिळते. मला राहायची खोली तालमीतल्याच एका सीनियरमुळं मिळाली.

साळवणकडची, तू सांस्कृतिक विभागाच्या मॅडमना स्पष्ट सांग की मला चारपर्यंतच थांबता येतं. पथनाट्याची तालीम मैदानात, पार्किंगमध्ये कुठंही होते, त्याला हॉल लागत नाही, त्यामुळं दुपारी घेता येते. टीममध्ये अप-डाऊनवाले तीन-चार जण असले तर वेळ बदलतात. मुख्य स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन दिवसच उशीर होतो, तेव्हा टीममधल्या मुलीच्या घरी राहायची सोय होते, मॅडम स्वतः आण्णांशी फोनवर बोलतील, आमच्या मॅडम बोलायच्या. हजेरीसाठी महोत्सवाच्या दिवसांचं पत्र कॉलेजकडून लेखी घ्यायचं, आणि ते त्याच आठवड्यात तिन्ही डिपार्टमेंटला नेऊन द्यायचं.

आमच्या जिल्हा महोत्सवातनं पुढं मध्यवर्तीला गेलो होतो, मूकनाट्य, लोकवाद्यवृंद, लघुनाटिका, सगळीकडची पोरं, साताऱ्याची, सांगलीची. दुष्काळी भागातल्या एका कॉलेजच्या पोरींनी पाण्यावर पथनाट्य केलं होतं, अख्खं मैदान गप्प बसून बघत होतं. असलं वर्गात बसून मिळत नाही. बी.एस्सी. मी पण केली, प्रॅक्टिकल एकही चुकवलं नाही.

---

कळ्याची_केमिस्ट्री

कागलच्या दादा, चारपर्यंतची तालीम होत असेल तर माझी काहीच हरकत नाही, कला वाईट असं मी म्हटलंच नाही. माझी भीती रात्रीच्या बसची आहे. पावसात संध्याकाळची गाडी रद्द झाली की स्टँडवर आम्ही पोरी काय करतो ते तुम्हाला कागलच्या हायवेवर बसून कळणार नाही, तुमच्याकडं दर दहा मिनिटाला गाडी आहे. मॅडम घरी फोन करत असतील आणि राहायची सोय आधी ठरलेली असेल तरच. शिवाय एकच काहीतरी धर. एनएसएस, एनसीसी, महोत्सव, स्पोर्ट्स सगळीकडं नाव देणारी पोरं मी बघितलीत, दिवाळीनंतर कशातच दिसत नाहीत. एनएसएसला वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, ते पण चांगलंच आहे, पण दोन्ही एकदम अप-डाऊनमध्ये होत नाही. सीसीच्या क्रेडिटसाठी तुमच्या कॉलेजात काय काय धरतात ते आधी विचार, सांस्कृतिक धरत असतील तर पथनाट्याचेच क्रेडिट मिळतील आणि वेगळं काही करावं लागणार नाही.

---

साळवणकडची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सरांचं वाचून आईला दाखवलं, ती म्हणाली देवगांडूळ आमच्या रताळ्याच्या रानात दरवर्षी निघतं. सकाळच्या बॅचचा अर्ज आज दिला, एचओडी सरांनी घेतला आणि कुठल्या गावाहून येतेस विचारलं. उद्या सांस्कृतिकच्या मॅडमना भेटते, चारपर्यंतचं सांगते.

एक राहिलं. पाऊस वाढला की जे आठ-पंधरा दिवस रोड बंद असतो त्या दिवसांपुरतं कुठं राहता येतं का? पूर्ण वर्षाचं होस्टेल आत्ता जमणार नाही.

---

मंगळवार_पेठ

बाई, माझं वय साठीच्या पुढं, नात आता कॉलेजला आहे, तिनं हा धागा दाखवला. कोल्हापूर हे बाहेरगावच्या पोरांना ठेवून घेणारंच गाव आहे, त्यात संकोच करायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग काढलं, पुढं मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नसते म्हणून तो शिकत नाही, हे महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. माझे थोरले भाऊ असल्याच एका बोर्डिंगमध्ये राहून शिकले. ती मुलांची होती. मुलींसाठी आता शासकीय वसतिगृहं आहेत, संस्थांची होस्टेल आहेत, काही कॉलेजांचीही आहेत.

थोड्या दिवसांसाठी म्हणशील तर तीन ठिकाणी विचार. एक, तुझ्या कॉलेजच्या लेडीज होस्टेलच्या रेक्टर मॅडम. पुराच्या दिवसांत अडकलेल्या मुलींना गेस्ट म्हणून ठेवून घेतात, दिवसाचे पैसे आणि पालकांचं पत्र लागतं. ते पत्र आण्णांच्या सहीनं आत्ताच लिहून वहीत ठेव, रोड बंद झाल्यावर सही कुठनं आणशील. दोन, वर्गातल्या शहरातल्या मैत्रिणी. आमच्या पेठेत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घराघरात पाहुणे होते, दोन-चार मुली आठ दिवस राहिल्या तर कुणाला जड होत नाही, फक्त आईनं आईशी फोनवर बोललेलं बरं असतं. तीन, तुमच्या गावातलं, भावकीतलं कोण कोल्हापुरात आहे ते घरी विचार. आपल्या भागातली माणसं फुलेवाडी, बोंद्रेनगर त्या बाजूला बरीच आहेत, तुझ्या रोडच्या तोंडालाच.

आणि पावसाचा अंदाज आधीच घेत जा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका धरतात, रोज सकाळी बातम्यांत येते. तुमच्याकडचा रोड त्याच्या आधीही बंद पडतो, तेव्हा पाणी तीसच्या वर चाललंय आणि वर धरणाकडं पाऊस थांबत नाही असं दिसलं की दोन दिवसांचे कपडे, जर्नल आणि औषधं पिशवीत घालूनच घर सोडायचं. नात म्हणते तिच्या खोलीत एक गादी जास्तीची आहे. तू तिला इथंच निरोप टाक, तुझ्या आईचं आणि माझं बोलणं झालं की मग ठरवू.

---

कळ्याची_केमिस्ट्री

आजी, तुमच्या नातीला सांगा मी पण निरोप टाकते. आमच्या रोडच्या अजून चार-पाच पोरी आहेत पहिल्या वर्षाला, सगळ्यांचा एक ग्रुप करूया, रोज सकाळी कुठली गाडी सुटली, कुठं पाणी आलं ते त्यात टाकता येईल. साळवणकडची, मी सकाळच्या गाडीला कळ्यात चढते, मागनं तिसऱ्या सीटकडं बघ, उद्या भेट.